दमण ते अंकलेश्वर : लस, औषध आणि मोजणी

मंडळाच्या बैठकीत मी साथींवर बोलणार असं जाहीर झालं, तेव्हा एका जुन्या सभासदांनी स्पष्टच विचारलं, "सचिनचा आणि लशीचा संबंध काय? आपण स्थानिक इतिहासवाले." प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर देता देता हे टिपण वाढत गेलं.

सचिन स्टेशनाच्या फलाटावर उभे राहा. दक्षिणेकडे जाणारी गाडी वापीला नेते, तिथून दमण जवळ. उत्तरेकडची गाडी सुरत ओलांडून अंकलेश्वर, भरुच करत बडोद्याला. आणि शेजारच्या उधन्याहून ताप्ती लाइन फुटते ती थेट आमच्या खानदेशात. या तीन दिशांना सव्वाशे वर्षांत लशीच्या आणि औषधाच्या ज्या गोष्टी घडल्या, त्यांना दुसरीकडून आणायची गरजच नाही. (सचिनचं आपलं नातं तसं त्याहून जुनं. १७९१ साली जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या बाळूमियांनी जंजिऱ्यावरचा हक्क सोडला आणि पेशव्यांकडून हे सचिन घेतलं. पण तो विषय मी पूर्वी मांडला आहे, इथे नको.)

मी शिक्षणाने इंजिनियर. जीआयडीसीतल्या डाइंग-प्रिंटिंगच्या मिलांत मेंटेनन्स करण्यात आयुष्य गेलं. इतिहास पुढे आपलाआपण शिकलो. त्यामुळे कागद वाचतानाही माझं डोकं मशीनवाल्याचंच राहतं. आमच्याकडे नवं मेकॅनिकल सील आलं की विकणारा सांगेल ते खरं धरत नसत. दोन सारखी जेट मशीनं घ्यायची, एकाला नवं सील, दुसऱ्याला जुनं, कापड तेच, पाणी तेच, ऑपरेटर तेच. महिन्याभराने गळती कुठे किती, ते वहीत लिहायचं. ही एवढी सवय घेऊन मी हाफकिनचे अहवाल वाचायला बसलो आणि चकित झालो. हा माणूस प्लेगच्या धुमाकुळात नेमकं हेच करत होता.

वाल्डेमार हाफकिन मूळचा ओडेसाचा, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेला. कॉलऱ्याची लस घेऊन तो १८९३ मध्येच हिंदुस्थानात आला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि ऑक्टोबरात हाफकिनला मुंबईला पाठवण्यात आलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्याला एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. मांसाच्या रश्श्यात तो प्लेगचे जंतू वाढवायचा आणि त्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचा. जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे, गुहेत छतावरून चुन्याचे खांब लोंबतात तसे. मग उष्णता देऊन ते मारायचे आणि टिकावेत म्हणून थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. तूप! आमच्या बैठकीत या शब्दावर सगळे हसले, पण मला त्यात एक हुशार मेकॅनिक दिसला. हाताशी जे आहे त्यातून तो यंत्र उभं करतो.

१० जानेवारी १८९७ रोजी त्याने ही लस स्वतःला टोचून घेतली. अंगात सडकून ताप भरला, टोचल्या जागी दुखलं, दोन दिवसांत उतरलं. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला तिथल्या साधारण निम्म्या कैद्यांनी आपणहून लस घेतली. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्या १७२ जणांत १२ आजारी पडले आणि ६ मेले. घेतलेल्या १४७ जणांत २ आजारी पडले, मेला कुणी नाही. दोघांनाही एकच भिंत, एकच अन्न, एकच हवा. आपली दोन जेट मशीनं ती हीच.

तिथून दमण. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या त्या बंदरात १८९७ च्या पहिल्या महिन्यांत प्लेगने थैमान घातलं. हाफकिनने टोचणी केली आणि साथ उतरल्यावर हिशोब मांडला. वस्ती ८,२३०. लस घेतलेले २,१९७, त्यांत मृत्यू ३६. न घेतलेले ६,०३३, त्यांत मृत्यू १,४८२. म्हणजे एका बाजूला शंभरात दीड-दोन, दुसऱ्या बाजूला शंभरात जवळपास पंचवीस. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा वही मिटून उठलो आणि थोडं फिरून आलो. वापीला कामानिमित्त आम्ही किती वेळा गेलो असू, दमणला पोरं कशासाठी जातात तेही सगळ्यांना ठाऊक आहे, पण लस न घेतलेल्यांतला दर चौथा माणूस गेलेलं दमण कुणाच्या बोलण्यात कधी आलं नाही.

आता यात एक खोट आहे आणि ती मला मशीनवाला म्हणून लगेच टोचली. दमणमध्ये लस घेणारे आपणहून पुढे आले होते. कदाचित ते आधीच जरा बऱ्या घरात राहणारे असतील, वेळेवर गाव सोडणारे असतील. मग श्रेय लशीचं की घराचं? मौज अशी, की हे हाफकिनलाही कळत होतं. म्हणून फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातल्या उंडेरा या गावी (आज ते बडोद्याच्या वेशीवर आलं आहे) त्याने वेगळी पद्धत लावली. घराघरातली माणसं बाहेर बोलावली आणि एकाच घरातल्या साधारण निम्म्यांना टोचलं, निम्म्यांना नाही. आजोबाला हो तर काकाला नाही, एका भावाला हो तर दुसऱ्याला नाही. काही आठवड्यांनी पाहिलं तर पुढे २८ घरांत प्लेग आला होता. त्या घरांतले टोचलेले ७१, त्यांत ८ आजारी, ३ मृत्यू. न टोचलेले ६४, त्यांत २७ आजारी, २६ मृत्यू.

हे वाचायला सोपं आहे. पण त्या २८ घरांचा विचार करा. एकाच पडवीत झोपणारी माणसं, आणि कुणाला टोचायचं हे साहेबाने उभ्या उभ्या ठरवलेलं. आज कुठलीही समिती असं करू देणार नाही, देऊ नये. पण पुढे लाखो लोकांनी ज्या विश्वासावर दंड पुढे केला, त्याचा पाया या २६ जणांच्या मरणावर आहे. त्यांची नावं कुठल्याही तक्त्यात मला सापडलेली नाहीत.

दुसरीही एक आशा मुंबईत आली होती, ती फसली. प्लेगचा जंतू शोधणारा अलेक्झांडर येरसिन मार्च १८९७ मध्ये घोड्याच्या रक्तापासून केलेली लस-रस, म्हणजे सिरम, घेऊन आला. चीनमध्ये त्याने ते थोड्या रोग्यांना दिलं होतं आणि बहुतेक बरे झाले होते. मुंबईत मोठ्या संख्येने दिलं तेव्हा तसा गुण आला नाही. कल्पना अगदी पटण्यासारखी होती : रोगाशी लढलेल्या रक्तातली ताकद काढायची आणि आजाऱ्याला द्यायची. ही कल्पना लक्षात ठेवा, पुढे ती माझ्याच दंडात येणार आहे.

मधला इतिहास भरभर सांगतो. लोकांचा संताप लशीपेक्षा जबरदस्तीवर होता : घरझडत्या, छावण्या, पुण्यात सोल्जर घरात शिरणं, आणि जून १८९७ मध्ये रँडचा खून. फेब्रुवारी १८९७ मध्ये केलेला साथरोग कायदा इतका टिकाऊ निघाला की मार्च २०२० मध्ये तोच पुन्हा बाहेर काढला गेला. त्याउलट तरुण आगाखानांनी सर्वांसमोर स्वतःला टोचून घेतलं तेव्हा खोजा लोक आपणहून पुढे आले. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिनवर ठपका आला, पद गेलं. दोष प्रयोगशाळेतल्या लशीचा नव्हता हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. परळच्या त्याच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये.

१९९४ बद्दल मात्र थोडं थांबतो, कारण ते मी पाहिलं आहे. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठींचा प्लेग निघाला आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत, तापीचा पूर ओसरल्यावर, वेड रोडच्या बाजूला माणसं खोकत मरायला लागली. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, सचिनला नोकरीला लागून दोन वर्षं झालेली. मिल बंद पडली. उधन्याच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. काही लाख लोकांनी चार-सहा दिवसांत शहर सोडलं आणि आईला घेऊन मीही त्यात होतो. गावाला पोचलो तर लोकांनी वेशीवरच थांबवलं. आठ दिवस आम्ही मळ्यातल्या खोपटात. भाकरी बांधावर ठेवून माणूस लांब जायचा. मी कुणाला दोष देत नाही, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. माझ्या खिशात टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल होत्या, सुरतेत दुकानं धुंडाळून मिळवलेल्या. औषध होतं, वेळेवर घेतलं तर प्लेग बरा होतो हे डॉक्टरांना अनेक दशकं माहीत होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत त्या वेळी देशभरातले संशयित ६९३ आणि मृत्यू ५६ निघाले. भीतीच्या मानाने हा आकडा लहान. पण मळ्यातल्या खोपटात बसलेल्याला तो कुणी सांगितला नाही. आईने त्या आठ दिवसांत धरलेली खूणगाठ एकच : औषध आहे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, कुणाला गुण आला ते विचारायचं.

आता २०२०. जुलैत सुरतेत कोरोना ऐन भरात होता तेव्हा मला झाला. बरा झालो. सप्टेंबरात प्लाझ्मा द्यायला बोलावणं आलं. शहरात त्या वेळी प्लाझ्मादानाचा मोठा उत्साह होता, हिरेकामगारांपासून डॉक्टरांपर्यंत लोक देत होते. मीही दिला. तास-सव्वातास खुर्चीत बसलो, यंत्र रक्त घेतं, पिवळसर पाणी वेगळं काढतं आणि बाकीचं परत देतं, ते न्याहाळत राहिलो (सेंट्रिफ्यूज चांगलं होतं). घरी फोटो पाठवला. खूप वर्षांनी काहीतरी उपयोगाचं केल्यासारखं वाटलं.

ऑक्टोबरात आयसीएमआरच्या चाचणीचा निकाल छापून आला. ३९ रुग्णालयं, ४६४ रोगी. प्लाझ्मा मिळालेल्या २३५ पैकी ४४ जणांचा आजार बळावला किंवा ते गेले. न मिळालेल्या २२९ पैकी ४१. म्हणजे फरक नाही. येरसिनचीच कहाणी. मी तो निकाल तीनदा वाचला, कुठे चूक सापडते का पाहिलं. सापडली नाही. माझ्या पिशवीने कुणाचं नुकसान झालं नसावं, फायदा झाला असं म्हणायला आधार नाही. मे २०२१ मध्ये सरकारी उपचार-यादीतून प्लाझ्मा काढला गेला, तोवर लोक तो मागतच होते.

जून २०२० मध्ये इंग्लंडमधून खरी चांगली बातमी आली होती, आणि औषध फार स्वस्त होतं. डेक्सामेथासोन, १९५० च्या दशकातलं, कुठल्याही दवाखान्यात मिळणारं. तिथल्या रिकव्हरी चाचणीत २,१०४ जणांना ते दिलं, ४,३२१ जणांना नेहमीचेच उपचार. व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांत मृत्यू शंभरात ४१ वरून २९ वर आले. ऑक्सिजनवरच्यांतही कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना उपयोग नाही, हेही त्याच मोजणीत दिसलं. याच चाचणीने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बाद ठरवलं.

एप्रिल २०२१ मध्ये आमच्या खात्यातला एक जुना फिटर गेला. त्याच्या मुलाने रेमडेसिविरच्या सहा कुप्यांसाठी तीन दिवस पळापळ केली, एका एजंटाला छापील किमतीच्या कितीतरी पट पैसे दिले, त्यासाठी गावाकडची जमीन गहाण ठेवली. रेमडेसिविरने दाखल रोग्यांचे मृत्यू कमी होत असल्याचं दिसत नाही, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीचा निकाल तेव्हा सहा महिने जुना झाला होता. (फार लवकर, दाखल होण्याआधी दिलं तर काही उपयोग होतो असं पुढे दिसलं, पण या माणसाची ती वेळ केव्हाच टळली होती.) मोजणी झालेली होती, कागदावर होती. रांग मात्र दुसऱ्याच खिडकीपुढे लागली होती. तो मुलगा अजून भेटला की विचारतो, "काका, लवकर मिळालं असतं तर?" मी त्याला ते आकडे आजवर सांगितलेले नाहीत.

लशीकडे येतो. या विषाणूची जनुकीय मांडणी ११ जानेवारी २०२० ला जगापुढे खुली झाली. नोव्हेंबरात फायझरचा निकाल आला : साधारण त्रेचाळीस हजार माणसं, निम्म्यांना खरी लस, निम्म्यांना मिठाचं पाणी. आजारी पडले १७०, त्यांतले १६२ मिठाच्या पाण्याचे आणि ८ लशीचे. उंडेऱ्याचाच तक्ता, फक्त इथे कुणाला काय मिळालं हे टोचून घेणाऱ्याला आणि आजार तपासणाऱ्याला माहीत नव्हतं, आणि माणसांची संमती घेतलेली होती.

आपल्याकडे पुण्याने दोन्ही बाजू सांभाळल्या. राष्ट्रीय विषाणू संस्थेत विषाणू वेगळा केला गेला आणि त्यावरून हैदराबादच्या भारत बायोटेकने कोव्हॅक्सिन केली, मारलेल्या विषाणूची, म्हणजे तत्त्वाने हाफकिनच्याच घराण्यातली. ऑक्सफर्डची कोव्हिशिल्ड सिरम इन्स्टिट्यूटने बनवली. ३ जानेवारी २०२१ ला दोन्हींना परवानगी मिळाली. इथे मला माझं मत नोंदवलं पाहिजे : कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याची मोजणी तेव्हा हातात नव्हती. परवानगी आधी, आकडा नंतर, हा क्रम चुकला. लोकांच्या मनात किंतू आला तो अडाणीपणामुळे आला, असं मी म्हणणार नाही.

आमच्याच घरात आला. १ मार्चपासून साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली. आई तेव्हा शहात्तर वर्षांची, मधुमेह. आमच्या जवळच्या केंद्रावर कोव्हॅक्सिन होती. मी म्हटलं, "चल." ती म्हणाली, "किती जणांनी घेतली ते सांगू नको. ज्यांनी नाही घेतली त्यांचं काय झालं?" मी गप्प बसलो. मला सांगायला काही नव्हतं.

दोन दिवसांनी, ३ मार्चला, कंपनीने पहिला आकडा जाहीर केला. पंचवीस हजारांवर माणसांच्या चाचणीत तोवर ४३ जण आजारी पडले होते : ३६ लस न मिळालेले, ७ मिळालेले. संध्याकाळी आईला सांगितलं. तिने विचारलं, "दोन्हीकडे माणसं सारखीच होती ना?" मी हो म्हटलं. मग तिला दमण आणि उंडेराही सांगितलं. उंडेऱ्यातल्या घरांचं ऐकून ती बराच वेळ बोलली नाही, नंतर म्हणाली, "आपल्या मळ्यासारखं." दुसऱ्या आठवड्यात तिने लस घेतली, एप्रिलमध्ये दुसरी. (पूर्ण निकालात आकडा थोडा उतरला : १३० आजारी, त्यांत १०६ आणि २४. तोही मी तिला सांगितला. लपवायचं कशाला?) त्याच एप्रिलमध्ये युरोपातून बातमी आली, की ऑक्सफर्डच्या लशीने फार थोड्यांना रक्ताच्या गुठळ्या होतात. तेही मोजूनच सापडलं, आणि काही देशांनी तरुणांना ती देणं थांबवलं.

२९ ऑगस्ट २०२१ ला अंकलेश्वरच्या कारखान्यातून कोव्हॅक्सिनची पहिली बॅच बाहेर पडली. हा कारखाना आधी रेबीजची लस बनवायचा. त्याच महिन्यात अहमदाबादच्या झायडसच्या डीएनए लशीला परवानगी मिळाली होती, माणसांसाठीची जगातली पहिली, सुईशिवाय दाबाने देण्याची. अंकलेश्वर म्हणजे आम्हाला रसायनांचा वास, तिथे पंप दुरुस्तीला किती खेपा झाल्या असतील. सचिनच्या फलाटावरून जी गाडी आम्ही कंटाळून पकडायचो, तिच्याच वाटेवर लस तयार होऊ लागली.

वयस्कांसाठीचा जादा डोस सुरू झाला १० जानेवारी २०२२ ला. हाफकिनने स्वतःला टोचलं त्याला त्या दिवशी बरोबर १२५ वर्षं झाली. तारीख कुणी मुद्दाम धरली नसणार. आईचे दुसऱ्या डोसनंतरचे नऊ महिने भरले होते, म्हणून पहिल्याच दिवशी आम्ही गेलो. रांगेत मी तिला तारखेचं सांगितलं. तिने नर्सबाईंना विचारलं, "ही अंकलेश्वरची का?" त्यांनी हसून कुपी तिच्या हातात दिली. आईने ती डोळ्यांजवळ नेली, अक्षर बारीक होतं, मग माझ्याकडे दिली. मी चष्मा लावून लेबल वाचेपर्यंत मागचा माणूस म्हणाला, "काका, जरा लवकर," आणि मी ती परत केली.